मंडप उतरल्यावर

"ज्या घरी जाल तिथं आधी पाणी मागून प्या, कुंदाबाई. पण जेवायला बसू नका. एकदा का त्यांचं मीठ खाल्लं, की लोक खरं सांगायचं सोडून गोड सांगायला लागतात."

देवस्थळी सर कासारवेलच्या मैदानाच्या फाटकाशी उभे राहून मला हे बजावत होते. फाटकाला कुलूप होतं. कुलूप नवं, साखळी जुनी. आत गुडघाभर गवत वाढलेलं. जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या आठवड्यात, याच जागी राज्यभरातल्या मुली खो-खो खेळून गेल्या होत्या हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. खुंट उपटून नेलेल्या जागी दोन खड्डे राहिले होते आणि त्यांत श्रावणाचं पाणी साठलं होतं.

"आणि आवाज जरा मोठा ठेवा," सर म्हणाले. "गेल्या खेपेच्या तुमच्या टेपमध्ये उत्तरं ऐकू येतात, प्रश्न ऐकूच येत नाहीत."

"उत्तरं येतात ना, सर?"

ते हसले आणि छत्री उघडून आपल्या वाट्याच्या गल्लीला लागले.

आमचं काम थोडक्यात असं होतं. कासारवेल हे कृष्णाकाठचं लहानसं गाव. नगरपरिषद नुकतीच झालेली. राज्य पातळीवरच्या मुलींच्या सामन्यांचं यजमानपद त्यांनी हौसेनं घेतलं आणि पार पाडलं. आता गावात दोन तट होते. एक म्हणे, सामने दरवर्षी भरवू. दुसरा म्हणे, मैदानावर दुकानांचे गाळे बांधू. म्हणून नगरपरिषदेनं आमच्या संस्थेला सांगितलं होतं, की सामन्यांनी गावाच्या जगण्यात काय फरक पडला ते मोजून सांगा. सामन्यांच्या आधी आम्ही एकदा घरोघरी फिरून गेलो होतो. आता सात महिन्यांनी पुन्हा फिरत होतो. "मंडप असताना दिसते ती जत्रा," सर म्हणायचे. "मंडप उतरल्यावर मागे राहतं, ते आपलं काम." परवा नगरपरिषदेची बैठक होती. तिथं सर सांगतील त्यावर मैदान राहायचं की जायचं हे ठरणार होतं.

आणि माझ्याकडे जमलेली उत्तरं सांगत होती, की मागे काहीच राहिलेलं नाही. फायदा झाला का? नाही. घरात काही बदल झाला का? नाही. गावात काही बदल झाला का? कचरा झाला.

माझा तेव्हा चातुर्मास चालू होता. माझ्या आईकडून आलेले तीन नेम मी पाळते. एकच वेळ जेवायचं, मौनानं जेवायचं, आणि कुणी आपण होऊन ताट वाढलं तर अन्नाला नाही म्हणायचं नाही. सरांना पहिले दोन माहीत होते. तिसऱ्याचा प्रसंग तोवर आला नव्हता.

तो त्याच दुपारी आला.

मैदानाला लागून खराड्यांचं घर होतं. घराचे कर्ते बाळासाहेब खराडे, गावात सगळे त्यांना आबा म्हणायचे. ते सोप्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी पाणी मागितलं. सुनेनं तांब्या-भांडं आणून ठेवलं आणि ती आत गेली. आबांनी मला प्रश्न पुरता विचारूच दिला नाही.

"फायदा? लिवा, शून्य. चार दिवस केळी खपली आन् आठ दिवस साली झाडल्या. संपला खेळ."

"घरात काही बदल?"

"घरात काय बदलायचंय? हाय ती भाकरी हाय, हाय ती चटणी हाय." मग ते पुढे झुकले. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या दिसताय. सरळ सांगतो. तितं गाळं झालं तर त्यातला एक आमी धरलाय. पोरगं पिंपरीला कारखान्यात रात्रपाळ्या करतंय. गाळा झाला तर घरी यील. सून हितं, पोरगं तितं, ह्यो काय संसार हाय?"

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी लिहून घेतलं. दाराच्या चौकटीला टेकून त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, गोदाक्का. कपाळावर आडवी चिरी, हातात निवडायचे तांदूळ. मी त्यांना विचारलं, "आक्का, पाहुण्या मुली तुमच्याकडं उतरल्या होत्या ना? त्यांच्यामुळं, सामन्यांमुळं तुम्हाला काय मिळालं?"

त्यांनी ताटातला एक खडा बाजूला काढला. "मला काय कळतंय त्यातलं? काय न्हाई."

"ऐकलं?" आबा म्हणाले, आणि टोपी घालून सोसायटीकडं निघून गेले.

कागद आवरून मी उठले, तर आतून पाट मांडल्याचा आवाज आला. गोदाक्का म्हणाल्या, "बसा. वाढलंय."

सरांचं वाक्य माझ्या कानात होतं. आईचा नेम त्याच्याही आधीचा होता. मी पाय धुतले, पाटावर बसले, आणि ओठांवर बोट ठेवून मान लववली.

"मौन हाय व्हय?" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "असू दे, असू दे. सोळा सोमवार केलं तवा मी बी असंच जेवत हुते. शैला, बाईस्नी ऊन भाकरी टाक गं."

सून, शैलजा, चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. पंचविशीची असेल. अंगानं सडसडीत, नजर खाली. सासूनं सांगितलं की करायचं, न सांगितलं की नाही, अशी. शेवटची भाकरी माझ्या ताटात टाकून ती धुण्याची बादली घेऊन परड्यात गेली. गोदाक्कांनी ती पुरती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं आणि मग माझ्यासमोर फतकल मारून बसल्या.

"मौनातल्या माणसाफुडं बोललं म्हंजे देवाफुडं बोलल्यावानी हाय," त्या म्हणाल्या. "तितनं भाईर जात न्हाई. व्हय का न्हाई?"

मी मान हलवली.

"तिला बघितलं न्हवं? कशी बसलीती?"

मी पुन्हा मान हलवली, कारण काय पाहायचं होतं ते मला कळलं नव्हतं आणि विचारता येत नव्हतं.

"चवड्यावर. एक पाय फुडं, एक मागं. चार वर्सं झाली, माझ्या चुलीफुडं ती तशीच बसती. मी म्हनायची, गुमान पाटावर बस की गं, कमरंला कळ लागंल. बसायची, आन् मी वळली की पुन्ना चवड्यावर. मला वाटायचं, तिला माझ्या घरात टेकायचंच न्हाई. कवा उटून जाईल ह्याचा नेम न्हाई. लय लागायचं मला ते."

त्यांनी माझ्या ताटात आमटी ओतली.

"तर संक्रांतीला त्या पोरी आल्या. आमच्याकडं दोगी उतरवायच्या हुत्या, आल्या चौगी. दोगींस्नी वरल्या आळीतल्या एका घरानं आडनाव इचारून माघारी लावलंतं. रातचं पिशव्या घिऊन रस्त्यावर हुब्या. मी म्हनलं, या की. लेकीचं आडनाव काय करायचंय? ते बदलतंयच. त्यातली एक हुती रंजू मडावी, चंद्रपूरकडची. लय वांड. सकाळी उटली, चुलीपाशी आली, शैलाकडं बगितलं आन् म्हनती कशी, 'वहिनी, तुम्ही भाकरी करून राहिल्या का खो ची वाट पाहून राहिल्या?'"

गोदाक्का तोंडाला पदर लावून हसल्या.

"शैलाच्या हातातलं पीठ पडलं. मंग कळलं. आवो, जिल्ह्याला खेळलीया ती! लगनाच्या वक्ताला बापानं सांगितलंच न्हाई. पोरगी मैदानात धावती म्हनलं तर स्थळ मोडंल, म्हनून. तिला बी बजावलं, तितं गेल्यावर तोंडातनं काडायचं न्हाई. न्हाई काडलं तिनं. चार वर्सं. पर पाय कुटं इसरत्यात?"

माझ्या जिभेवर पाच-सहा प्रश्न येऊन बसले होते, आणि जिभेला परवानगी होती फक्त आमटीची. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं मौन जड गेलं.

"त्या पोरींनी तिला रोज फाटंचं वडून न्हेलं. ह्यास्नी मी सांगायची, पोरींस्नी हळदीचं दूध द्याला गेलीया. दूध मीच न्ह्यायची, चिच्चंखाली हुबी ऱ्हायची. पयल्या दिशी तिनं साडीचा काचा मारला आन् मधल्या ओळीत बसली. बसली ती कशी? चुलीफुडं बसती तश्शी. मंग मागनं रंजूनं खो दिला आन् ही उटली, बाई..." तांदळाचं ताट त्यांनी उगाचच सारखं केलं. "ती खुंटाला हात लावून वळली न्हवं, तवा वराडली. 'खोऽऽ' म्हनून. मला पयल्यांदा कळालं तिचा आवाज कसा हाय. चार वर्सं मी तिचं 'व्हय आत्या' ऐकलंतं. ह्यो आवाज माझ्या घरात न्हवताच."

परड्यात धुणं आपटल्याचा आवाज येत होता. एका तालात, जोरानं.

"पोरी गेल्या. पर मैदान उघडं हुतं. मंग गल्लीतल्या बायका जायाला लागल्या. कोन चालायला, कोन नुसतं बसायला. शैला त्यांच्या पोरींस्नी खेळवायची. ह्यास्नी मी म्हनायची, देवळाला गेलीया. दोन म्हयनं चाललं. शिमग्याला कुलूप लागलं. गाळं हुनार हायत, कुनी आत जायाचं न्हाई. आता ती पुन्ना 'व्हय आत्या' म्हनती."

माझं ताट संपत आलं होतं. शेवटच्या घासाबरोबर माझं मौन सुटणार हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्या घाईनं बोलल्या.

"ह्यांचं काय चुकीचं न्हाई. पोरगं घरी यावं असं मला बी वाटतंय. पर दुकान कुटं बी घालता यील. मैदान कुटं घालायचं? बाई, माझं येक करा. भाईरचं कुलूप तुमी बगा. घरातलं मी बगते. शब्द हाय माझा. पर माझ्या घराचं नाव कुटं येता कामा न्हाई. सासरा बैठकीला आन् सून मैदानाला, म्हनून गाव हसंल, आन् मंग ती आपन हून जायाची न्हाई."

तोंडात घास होता. मी मान हलवली. मौनात हलवलेली मान माझ्या हिशेबी देवापुढं सोडलेल्या पाण्यासारखी असते. तिला मागे घेता येत नाही.

चूळ भरून मी पहिला प्रश्न विचारला. "आक्का, एवढं सगळं घडलं. मग मघाशी मी विचारलं तेव्हा 'काय न्हाई' का म्हणालात?"

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले.

"तुमी काय इचारलं? पाव्हण्यांमुळं काय मिळालं. लेकी यून ऱ्हाऊन गेल्या, तर त्यांच्यापायी काय मिळालं ते कोन सांगतंय व्हय? पावनेराचा फायदा तोंडातनं काडला की पदरातलं जातंय. आमच्यात कोनच सांगायचं न्हाई. तुमी उपास करता, त्यानं काय मिळालं ते सांगता काय चार लोकांत?"

मी कधीच सांगितलेलं नव्हतं. त्या घरातून बाहेर पडले ती मैदानाच्या कडेनं, कुंपणाला हात लावत, सावकाश चालत गेले. आम्ही दोन आठवडे गावातल्या बायकांना नेमकं तेच विचारत होतो, जे त्यांच्या तोंडून निघणं पाप होतं.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या ओट्यावर सर चहा घेत होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "सर, मी एका घरी जेवले."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग ते घर बाद."

"बाद करा. पण आपला प्रश्न चुकतोय."

मी त्यांना पाहुणचाराचं सांगितलं. घर, माणसं, नावं काही सांगितलं नाही. सरांनी खोदून विचारलं नाही. ते म्हणाले, "पटतंय. पण एका घरातलं खरं म्हणजे गोष्ट झाली, कुंदाबाई. गावातलं खरं म्हणजे माप. आणि अर्ध्या पाहणीनंतर प्रश्न बदलता येत नाही. अर्धं कापड गजानं मोजायचं आणि अर्धं हातानं, असं चालत नाही."

"मग सगळं कापड पुन्हा मोजू. ज्या ज्या घरी मुली उतरल्या होत्या, ती सगळी घरं."

"उद्याचा एकच दिवस आहे."

"मी एकदाच जेवते, सर. माझा वेळ वाचतो."

आता ते हसले. "बरं. विचारायचं काय?"

"'तुमच्याकडं उतरलेल्या मुली कशा होत्या?' एवढंच. आणि घरातल्या बाईला विचारायचं."

"आणि पुढं?"

"पुढं गप्प बसायचं."

"ते तुम्हाला जमतं. मला कुठलं जमायला? चाळीस वर्षं वर्गात बोललोय मी."

"एक दिवसाचा चातुर्मास धरा, सर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उजाडताच निघालो. प्रत्येक घरी पाणी मागितलं. जेवण कुठंच घेतलं नाही. मी निघण्याआधीच गावातल्या मठात प्रसादाचं उरकून घेतलं होतं, म्हणजे नेमही राहिला आणि सरांचा नियमही. प्रत्येक घरी तोच एक प्रश्न विचारला आणि गप्प बसलो.

बायका बोलायला लागल्या. फायद्याचं नाव न काढता, नुसत्या पाहुण्यांबद्दल. मुली कशा खायच्या, कशा झोपायच्या, कोणाला गावाकडची आठवण येऊन रडू आलं. आणि बोलता बोलता सगळं बाहेर यायचं. एका घरी, मुली येणार म्हणून न्हाणीला पहिल्यांदा दार बसवलं होतं. पडद्याआड अंघोळ करण्यात हयात गेलेली सासू आता कडी लावून अंघोळ करत होती, आणि हे सांगताना लाजत होती. लोहारगल्लीत एक विधवा बाई होती. बाहेरगावच्या मुलींना तिचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी संक्रांतीला तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि पाया पडल्या. शेजारणी बघत राहिल्या. त्यानंतर शेजारणीही लावायला लागल्या. "आदी हात कापला त्यांचा," ती म्हणाली, "आता न्हाई कापत."

सर अवघडून बसायचे. दोनदा त्यांचं तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यांनी भांड्यातलं पाणी पिऊन ते मिटलं. तिसऱ्या घरापासून त्यांना जमायला लागलं.

सगळं गोडच निघालं असं नाही. वरल्या आळीत, जिथून दोघींना माघारी लावलं होतं, त्या घरची बाई दार अर्धं लोटूनच बोलली. "आमच्याकडं कोन उतरलंच न्हाई," ती म्हणाली. आम्ही गप्प बसलो. मग ती म्हणाली, "उतरणार हुत्या. आमच्या मामंजींनी..." आणि पुढं काही न बोलता तिनं आम्हाला दुसऱ्यांदा पाणी दिलं. एका घरी पाण्यावरून भांडण झालेलं, ते अजून मिटलेलं नव्हतं. सरांनी तेही टिपलं. "माप म्हणजे माप," ते म्हणाले.

पण एक गोष्ट बहुतेक घरांत निघाली, आणि सगळ्या बायका ती एकाच तऱ्हेनं सांगायच्या, आधी गालात हसून आणि मग आवाज उतरवून. मुली गेल्यावर पहाटे त्या मैदानावर जात होत्या. देवळाला नव्हे, नळाला नव्हे, कुणाच्या कामाला नव्हे. जन्मात पहिल्यांदा त्या घराबाहेर अशा जागी जात होत्या, जिथं काहीच काम नव्हतं. शिमग्यापर्यंत.

"बोलायला कुनाला बोलनार?" एक जण म्हणाली. "आमी कुलूप लागल्यावर इचारलं असतं, तर म्हनले असते, तुमचं काय काम हाय तितं?"

बैठक नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. टेबलाच्या एका बाजूला नगराध्यक्ष आणि सदस्य, समोर गावातली जाणती मंडळी. त्यांत पहिल्याच रांगेत आबा. बाई मी एकटी.

सरांनी काही लपवलं नाही. केळी किती दिवस खपली, साली कुणी झाडल्या, पाण्याचं भांडण, माघारी पाठवलेल्या मुली. तेव्हा मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ छपराकडं बघायला लागले. मग सर न्हाणीच्या दाराकडं आले, हळदकुंकवाकडं आले आणि शेवटी पहाटेच्या मैदानाकडं. नाव एकही नाही. "पैशाच्या मापानं सामन्यांनी तुम्हाला फारसं काही दिलं नाही," ते म्हणाले. "पण तुमच्या गावातल्या बायकांना एक जागा दिली होती. ती तुमच्या हातानं तुम्ही बंद केलीत. आता फायदा झाला नाही असं मला लिहायला सांगू नका. झाला होता. त्याला कुलूप आहे."

थोडी कुजबुज झाली. नगराध्यक्ष व्यवहारी माणूस होते. ते म्हणाले, "ठीक हाय. पुढल्या सामन्यांचं ठरंपर्यंत गाळ्यांचा विषय बाजूला ठेवू. तोवर फाटक उघडायला माझी हरकत न्हाई. पण आमचा शिपाई पहाटेचा यायचा न्हाई. कुलूप काढायचं-लावायचं कुणी?"

"तेच म्हनतो मी," आबा उठून उभे राहिले. "सांगायला सोपं हाय. फाटंचं घरदार सोडून कोन बाई जानार हाय? कुनाच्या घरातली? येक नाव सांगा, बाई. येकच. न्हाईतर ह्या सगळ्या कागदावरच्या गप्पा हायत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरही. आबांच्या प्रश्नाचं उत्तर आबांच्याच चुलीपुढं चवड्यावर बसलेलं होतं. एक नाव घेतलं असतं तर सभागृह जिंकलं असतं आणि मैदान हरलं असतं.

माझा आवाज ऐकायचा तर खोलीला गप्प व्हावं लागतं. मी बोलायला लागले आणि खोली गप्प झाली.

"नाव सांगणार नाही. तसा शब्द दिलाय. चावी माझ्याकडं द्या, ज्यांना हवी त्यांना मी पोचवते. आठ दिवसांत कुलूप उघडलेलं दिसलं नाही, तर आबांचं खरं आणि माझं खोटं. मग खुशाल गाळे बांधा."

"आठ दिस?" आबा हसून म्हणाले. "म्हयना घ्या की."

"आठ पुरे," मी म्हटलं.

नगराध्यक्षांनी खणातून चावी काढून टेबलावर सरकवली. जिन्यावरून उतरताना सर हळूच म्हणाले, "कुंदाबाई, मला त्या घराचं नाव माहीत नाही. पण तुम्हाला खात्री आहे ना?"

"मी जेवलेय त्या घरी, सर."

"म्हणजे गोड लागलं म्हणून?"

"नाही. खरं लागलं म्हणून."

आबा मित्रमंडळींबरोबर चहाला थांबले होते. मी मधल्या बोळानं खराड्यांच्या परड्यात गेले. शैलजा गोठ्यात होती. गोदाक्का एकट्याच जात्यापाशी बसल्या होत्या. मी चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि बैठकीत झालं ते सगळं सांगितलं. आबा काय म्हणाले तेही. त्यांनी चावी उलटीसुलटी करून पाहिली.

"नाव न्हाई घेतलं?"

"नाही."

"ह्यांनी इचारूनसुदिक?"

"विचारूनसुद्धा."

त्यांनी पदराच्या टोकाला चावीची गाठ मारली आणि ती गाठ कमरेला खोचली. "तुमचं झालं, बाई," त्या म्हणाल्या. "आता माझं."

आमची परतीची एसटी सकाळची पहिली होती. मी पहाटे घाटावर अंघोळ केली, सूर्याला अर्घ्य दिलं आणि ओल्या केसांनी मैदानाच्या गल्लीतून परत येत होते. पाऊस थांबलेला होता. खराड्यांच्या घरात दिवा होता. सोप्यावर आबा गुडघ्यावर घोंगडं घेऊन मिश्री लावत बसले होते. मी समोरच्या पिंपळाच्या पाराआड थांबले. देवाला हात जोडायचेच होते.

दार उघडलं. गोदाक्का बाहेर आल्या. अंगावर धुवट लुगडं, हातात दुधाचा तांब्या. त्यांच्या मागे शैलजा, खाली मान घालून, उंबऱ्याच्या आतच घोटाळलेली. तिचा पदर कमरेला घट्ट खोचलेला होता.

"एवड्या फाटंचं कुटं?" आबांनी विचारलं.

गोदाक्का पायरी उतरल्या. पदराच्या टोकाची गाठ त्यांनी कमरेतून काढून मुठीत धरली. आवाज चढवला नाही, थांबल्याही नाहीत.

"कुलूप काडायला," त्या म्हणाल्या. "बैठकीत आठ दिस ठरल्यात म्हनं. म्हनलं, कशाला येवडे लावायचे?"

आबांचं मिश्रीचं बोट तोंडाशीच राहिलं. त्यांनी बायकोकडं पाहिलं, मग उंबऱ्यातल्या सुनेकडं, मग तिच्या खोचलेल्या पदराकडं. आणि पायरीवरून त्यांनी आपले पाय आत ओढून घेतले. वाट मोकळी झाली.

"शैला," गोदाक्का मागं न बघता म्हणाल्या, "चल गं."

आणि दूध हिंदकळू नये म्हणून तांब्यावर तळहात ठेवून त्या मैदानाच्या वाटेला लागल्या.